घासून लख्ख केलेला बादशहा

नाणी जमवणाऱ्यांच्या एका मंडळाचे अध्यक्ष होते अण्णासाहेब खर्डेकर. पैशानं पर्वत, अकलेनं वारूळ. एकदा त्यांनी रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातली काशाची नाणी विकत घेतली. सतराशे वर्षांच्या हिरवट-काळ्या पुटात बादशहाचं नाव आणि टाकसाळीची बारीक अक्षरं शाबूत होती. त्यांवरूनच तर नाण्याचा प्रकार ठरतो! पण अण्णासाहेबांना ते पूट कळकट वाटलं. त्यांनी नाणी चिंच-मीठ लावून अशी घासून घेतली, की देवघरातल्या तांब्यानं लाजावं.

मंडळाच्या प्रदर्शनाच्या दिवशी त्यांतलं एक नाणं त्यांनी मालिनीबाई केळुसकरांपुढे टाकलं. नाणी ओळखण्यात बाईंचा हात धरणारं मंडळात कुणी नव्हतं.

"कॉन्स्टंटाइन बादशहाचं आहे, असं लिहून द्या."

बाईंनी भिंगातून पाहिलं. ना नाव, ना नाक.

"लिहून देते, पण बादशहा दिसायला तर हवा!"

"तुम्हाला दिसत नसेल, तर मंडळाला दुसरा जाणकार शोधावा लागेल," अण्णासाहेब चारचौघांत गरजले.

बाईंनी शांतपणे ते नाणं त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

"मग तुम्हीच सांगा, यात कुणाचा चेहरा दिसतोय?"

अण्णासाहेबांनी निरखून पाहिलं आणि नकळत मिशीवरून बोट फिरवलं. "माझाच की!"

"झालं तर, नाणं ओळखू आलं! हे तुमच्याच राजवटीत पाडलेलं. प्रदर्शनातल्या रोमच्या कपाटात तेवढं ठेवू नका. रोमचा बादशहा केव्हाच तुमच्या मोरीतून वाहून गेला."