लेकीची विहीर

खूप खूप वर्षांपूर्वी, एका उघड्या खडकाळ माळावर एक गाव वसलेले होते. गावात जोंधळा पिके, करडई पिके, बोरीबाभळींना तर तोटाच नव्हता. उणे होते ते एका पाण्याचे. पाणी म्हणजे डोंगराच्या कुशीतला झरा. झरा बारमाही वाहायचा, पण त्याची वाट उभ्या कातळावरून जात असे, आणि डोक्यावर भरली घागर घेऊन बायकांना तीच वाट उतरावी लागे.

त्या गावात हौसाबाई नावाची एक बाई राहत होती. तिला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलीचे नाव गजरा. गजरा पाण्याला निघाली की तिच्या मागे चार मैत्रिणी निघत, इतकी ती बोलघेवडी. एका श्रावणात शेवाळलेल्या कातळावरून तिचा पाय सुटला, आणि ती घागरीसकट खाली गेली. पुन्हा उठली नाही.

हौसाबाईने किती दिवस चूल पेटवली नाही, ते शेजारणींनाच ठाऊक. मग एका सकाळी ती उठली, पदर खोचला आणि पाटलांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माझी गेली ती गेली, पाटील," ती म्हणाली, "पण आता दुसऱ्या कुणाची लेक त्या वाटेनं जायला नको. माझं वावर घ्या. त्यात विहीर खोदू."

सारे गाव राबले. वरचा काळा पाषाण फुटला, पाणी नाही. आणखी खोल गेले. मग तांबूस, चकाकणारा खडक लागला, आणि त्याच्या भेगेतून पाणी आले. किंचित कोमट, पण इतके नितळ की तळाचा खडा न् खडा मोजून घ्यावा. लोकांनी गुलाल उधळला. पाटलांनी पहिली ओंजळ हौसाबाईला दिली. विहिरीला नाव पडले लेकीची विहीर.

त्या दिवसापासून झऱ्याची वाट ओस पडली. हौसाबाई रोज तिन्हीसांजेला विहिरीच्या काठावर दिवा लावी आणि हळूच म्हणे, "गजरे, आज पाणी भरून झालं गं सगळ्यांचं." एवढे बोलले की तिला घास गोड लागे.

वर्षे गेली. मुलाचे लग्न झाले, नात झाली. नातीचे नाव राही. राही आजीच्या मागे मागे फिरे, तिच्याबरोबर विहिरीवर जाऊन येई, आणि आजीने काही गंमत सांगितली की तोंडावर तळहात ठेवून खुदुखुदु हसे.

दरवर्षी सुगी सरली की धनगरांची मेंढरे त्या माळावर येत. त्यांचा तळ डोंगराशी, झऱ्याच्या अंगाला पडे. त्यांच्यातली म्हाकूबाई हौसाबाईची जुनी मैत्रीण. दोघी एकमेकींना ताक आणि लोणी द्यायच्या आणि वर्षभराचे साठलेले बोलायच्या.

एकदा अशाच दोघी ओट्यावर बसल्या होत्या. समोर गावातली पोरे खेळत होती. कुणीतरी धपकन शेणात पडले आणि सगळी पोरे हसली. म्हाकूबाई बघत राहिली. मग म्हणाली,

"हौसा, एक विचारू? तुमच्या गावात हसताना तोंड झाकायची रीत आहे का गं?"

"रीत? छे! कसली रीत?"

"मग बघ की. एकूण एक पोर तोंडावर हात धरतंय."

हौसाबाईने पाहिले. खरेच होते. रोज पाहत होती, पण तिला कधी दिसले नव्हते. तिने राहीला जवळ बोलावले, मांडीवर घेतले आणि तिचा हात हळूच बाजूला केला.

"हस बघू."

राही हसली नाही. तिने ओठ घट्ट मिटले आणि मान खाली घातली. मग पुटपुटली, "माझे दात घाण आहेत, आजी. मी रोज राखुंडी लावते. कितीही घासले तरी जात नाहीत."

तिच्या दातांवर तपकिरी रेघा होत्या, जणू कुणी काडीने ओढलेल्या.

तेवढ्यात म्हाकूबाईची नातवंडे मेंढरांमागून हुंदडत आली. त्यांनी राखुंडी कधी लावली असेल की नाही, देव जाणे. पण त्यांचे दात जोंधळ्याच्या दाण्यांसारखे पांढरे होते.

हौसाबाईच्या मनात काहीतरी टोचले. दुसऱ्या दिवशी तिने भाजके शेंगदाणे पदरात घेतले आणि घरोघर निघाली. "दाणे खा रे," म्हणून पोरांना बोलवायची, चार गमती सांगायची, आणि हात खाली घेऊन हसायला लावायची. पोरे हसत, आणि हौसाबाईचा जीव तीळतीळ तुटे. कुणाचे दात पिवळे, कुणाचे तपकिरी, कुणाचे खडबडीत झालेले. मग तिने मोठ्यांकडे पाहिले. जे विहिरीआधी वाढले होते, त्यांचे दात चांगले. ज्या सुना बाहेरगावाहून आल्या होत्या, त्यांचेही चांगले. पण त्यांच्याच पोटच्या पोरांचे नाहीत. आणि मोठी माणसे दातांपुरती सुटली होती, तरी हल्ली त्यांना मांडी घालून बसता येत नव्हते. मान वळत नव्हती. पाटलांच्या नातवाचे तर गुडघे आत वाकले होते, आणि तो बदकासारखा चाले.

लोक म्हणत, गावाला दृष्ट लागली. कुणी म्हणे चिंच फार खाल्ली. कुणी म्हणे माळावरचा वारा बाधला. हौसाबाईनेही कधीतरी मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या होत्या. पण वारा धनगरांच्या पोरांनाही लागत होता, आणि चिंचा तर ती पोरे झाडावर चढून खात. फरक एकच होता. धनगरांची पोरे झऱ्याचे पाणी पीत होती.

हौसाबाई विहिरीवर गेली. आत वाकून पाहिले. पाणी कालच्यासारखेच नितळ. वास नाही, गाळ नाही, चवीला गोड. तिला वाटले, आपण म्हातारपणी भलतेच काही मनात आणतो आहोत. हे पाणी वाईट कसे असेल? हे तर गजराच्या नावाचे पाणी. तिने ओंजळ भरली, ओठांपर्यंत नेली, आणि तिला पिववेना. पाणी बोटांमधून गळून गेले.

घरी राही तिची वाट पाहत होती. आजीचे उतरलेले तोंड पाहून तिने विचारले, "आजी, माझे दात कधी पांढरे होतील?"

खोटे बोलणे किती सोपे होते! हौसाबाईने तिला कुशीत ओढले.

"नाही होणार, माझ्या बाई," ती म्हणाली. "असेच राहतील बहुतेक. तू काही चूक केली नाहीस. तू घासायला कमी पडली नाहीस. आम्ही तुला जे प्यायला दिलं, त्यानं हे झालं."

राही म्हणाली, "मग बाळाला देऊ नका ना ते." राहीच्या आईला दिवस गेले होते.

दुसऱ्या सकाळी हौसाबाईने पाटलांना सांगून पारावर गाव गोळा केले. ती सगळ्यांसमोर उभी राहिली.

"माझ्या विहिरीचं पाणी पिऊ नका," ती म्हणाली.

लोकांना आधी कळलेच नाही. मग एकच गलका झाला.

पाटील म्हणाले, "हौसाबाई, त्या पाण्यावर गाव जगलं. असं अभद्र बोलू नये."

"मलाही तसंच वाटत होतं, पाटील." आणि मग तिने पाहिलेले सगळे सांगितले. दात, गुडघे, माना, विहिरीआधीची माणसे, विहिरीनंतरची लेकरे. "तो खालचा तांबूस खडक फोडला, त्यातलंच काहीतरी पाण्यात उतरत असेल. दिसत नाही, लागत नाही, पण अंगात जाऊन बसतं."

गर्दीतून एक तरुण सून ताडकन उठली. काशी तिचे नाव, कडेवर तान्हे मूल. "म्हणजे आता आम्ही पुन्हा तो कातळ चढायचा? तुमचीच लेक गेली ना तिथं? तिच्याच नावाच्या विहिरीला आज तुम्ही नावं ठेवता?"

हौसाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले, पण तिने ते पुसले नाही.

"होय गं, माझीच लेक गेली," ती म्हणाली. "पण तिला झऱ्यानं मारलं नाही. वाटेनं मारलं. वाट वाईट होती आणि पाणी चांगलं होतं. मी दुःखात होते, मला दोन्ही वेगळी दिसली नाहीत. वाट सुधारायची सोडून मीच सगळ्यांना पाणी बदलायला लावलं. हे माझ्या हातून झालं आहे, म्हणून मलाच सांगितलं पाहिजे. दुसरं कुणी सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्याकडे बघून गप्प बसला असता."

त्या दिवशी कुणी हो म्हटले नाही. माणसे मान खाली घालून आपापल्या घरी गेली, आणि संध्याकाळी पुन्हा विहिरीवर घागरी लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून हौसाबाई रोज पहाटे विहिरीच्या काठावर बसू लागली. येणाऱ्या प्रत्येकीला ती म्हणे, "बाई, धुण्याला ने, भांड्यांना ने, अंघोळीला ने. प्यायला नको." कुणी हसले, कुणी चिडले, कुणी विचारात पडले. दिवस वर आला की ती कुदळ घेऊन डोंगराकडे जाई आणि त्या कातळात पायऱ्या खोदत बसे. म्हातारे हात, दगड कठीण. दिवसभरात एक पायरी धड होत नसे. येताना ती सुनेसाठी आणि राहीसाठी छोटी कळशी भरून आणी, बसत उठत.

एके सकाळी ती कातळापाशी पोचली, तर तिथे आधीच ठोकल्याचा आवाज येत होता. काशी होती. मूल झाडाच्या फांदीला झोळीत टांगलेले, आणि ती घणाने दगड फोडत होती.

काशीने वर पाहिले नाही. "याला कालपासून दात येताहेत," ती म्हणाली.

हौसाबाई पुढे झाली. तिच्या शेजारी बसून तिने कुदळ उचलली.

काशीमागोमाग तिचा नवरा आला. मग त्याचे भाऊ आले. मग एका दुपारी पाटील आले, नातवाला खांद्यावर घेऊन. त्याला झऱ्याकाठी बसवून त्यांनी पागोटे काढून ठेवले आणि पहार हातात घेतली. मेंढरे घेऊन निघालेली म्हाकूबाईची माणसेसुद्धा थांबली. घडीव दगड वाहायला त्यांची तट्टे कामी आली.

कातळात रुंद पायऱ्या झाल्या, कडेला हात धरायला दगडी कठडा झाला. मग झऱ्यावरून पाणी आणण्याची पाळी सगळ्यांनी वाटून घेतली. त्यात पुरुषही होते, आणि डोक्यावर घागर घेऊन उतरताना मान कशी अवघडते, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळले. कळल्यावर त्यांनीच कुंभाराला गाठले. कुंभाराने खापराच्या नळ्या भाजल्या, एकीत एक बसवल्या, सांधे चुन्याने लिंपले आणि झऱ्यापासून गावापर्यंत त्या मातीखाली पुरल्या. झऱ्याच्या तोंडाशी गुरे जाऊ नयेत म्हणून कुंपण घातले. एका सकाळी वेशीतल्या दगडी कुंडात थंडगार पाणी पडू लागले.

या वेळी कुणी गुलाल उधळला नाही. पाटलांनी सांगितले, "आधी बघू." म्हणून लोकांनी ते पाणी पिताना माणसांकडे लक्ष ठेवले, पोरांकडे लक्ष ठेवले, आणि नळी कुठे फुटते का हे पाहायला दर महिन्याला दोन घरांची माणसे वरपर्यंत जाऊ लागली.

म्हाताऱ्यांचे आखडलेले सांधे थोडे सैल झाले, सगळे नाही. पाटलांच्या नातवाचे पाय पुरते सरळ झाले नाहीत, पण ते आणखी वाकले नाहीत. राहीचे दात जसे होते तसेच राहिले. मात्र तिचा धाकटा भाऊ, काशीचा मुलगा आणि त्यांच्यानंतर जन्मलेली सारी लेकरे पांढऱ्या दातांनी वाढली.

लेकीची विहीर कुणी बुजवली नाही. तिथे धुणी धुतली जात, भांडी घासली जात. नवी सून गावात आली की पाहुणचाराआधी तिला विहीर दाखवत आणि कशाला वापरायची, कशाला नाही, ते समजावून सांगत.

पुढे आसपासच्या माळावरही लोक खोल विहिरी खोदू लागले. पाणी लागले की ते म्हाताऱ्या हौसाबाईला बोलवायचे, पहिली ओंजळ तिच्या हातून भरावी म्हणून. ती जायची. ओंजळ भरायची, पाणी बघायची आणि परत विहिरीत सोडून द्यायची. मग ज्यांनी खोदले त्यांना जवळ बसवून विचारायची, "तुमच्या शेजारच्या गावात याच खडकाचं पाणी कुणी पितं का? त्यांची लेकरं कशी आहेत, ते आधी जाऊन बघून या." आणि ती माणसे गुलालाची ताटे तशीच ठेवून शेजारच्या गावाकडे चालू लागायची.

तात्पर्य: पाणी नितळ दिसते म्हणून निर्धोक मानू नये, ज्यांच्यावर आपली माया आहे त्यांच्या ओठी जाणारे पाणी आधी पारखावे, मग ते आपल्याच विहिरीचे का असेना.