चौथं खाचर

फार जुनी गोष्ट आहे. समुद्रापलीकडे मिनांगकाबाऊ नावाच्या मुलखात शेत आईकडून लेकीला मिळायचं. तिथल्या एका म्हशीची भाताची चार खाचरं होती. वादळात तिच्या गोठ्याचं छप्पर उडालं आणि तान्ही पारडी कुडकुडायला लागली. मग म्हशीने चारही खाचरं शेजारच्या म्हाताऱ्या बदकिणीकडे गहाण ठेवली आणि सोन्याच्या चार कड्या घेऊन छप्पर घातलं.

छप्पर झालं, पण तिचा जीव काही थाऱ्यावर येईना. लेकीचं शेत मी घालवून तर नाही ना बसले?

पेरणीला बदकीण दारात हजर. "चल गं पोरी, नांगर धर. मी धरू? माझे पाय बघ! आपल्यात गहाण घेणारी मालकिणीलाच कसायला बोलावते. अर्धं भात तुझं."

म्हशीला रडूच आलं.

तीन वर्षं दोघींनी मिळून शेत केलं. पारडी बदकिणीच्या पिल्लांत वाढली. मग एक दिवस म्हैस कड्या परत घेऊन आली. बदकिणीचा चेहराच उतरला. "सोडव बाई शेत. आता कशाला येशील आमच्याकडे?"

म्हशीने तीनच कड्या पुढे ठेवल्या. "चौथं खाचर तुझ्याकडेच राहू दे, मावशी."

"का? सोनं कमी पडलं?"

"नाही गं. माझ्या पारडीला उद्या तुझ्या दारात हक्काने येता यायला हवं."

बदकिणीने डोळे पुसले. "मग पेरणीला वेळेवर या दोघी. मागच्या खेपेला उशीर केलात."