बकूनं परीच्या मांजरीला तेल लावलं त्याची गोष्ट

डोंगराच्या कुशीत, जिथं कोवळं ऊन सगळ्यांत आधी उतरतं, तिथं एक इवलीशी झोपडी होती. झोपडीत बकू आणि तिची आई राहायच्या. आई बांबूच्या टोपल्या विणायची, अशा सुबक की लांबलांबून लोक घ्यायला यायचे. पण त्या हिवाळ्यात अशी काही थंडी पडली की आईची बोटं आखडली. मुठी मिटल्या त्या मिटल्याच. साधा चमचा धरता येईना की लेकीच्या डोक्यावरून हात फिरवता येईना.

मग बकू टोपल्या विणायला बसली. बिचारीनं अगदी मनापासून विणल्या हो, पण तिच्या टोपलीत बटाटे ठेवले की ते खालून निघून जायचे. अशा टोपल्या कोण घेणार? कधी चूल पेटायची, कधी नाही. बकूला मात्र भाकरीपेक्षा एकच गोष्ट हवी होती, आईची बोटं बरी व्हायला हवी होती.

एके सकाळी ती रानात काटक्या वेचायला गेली. तिथं जाईच्या वेलाखाली निळा, गुलाबी, सोनेरी उजेड झिरमिरत होता. उजेडात होती एक परी. अंगावर मोरपिशी साडी, पंखांवर दवाचे टपोरे थेंब, पायांत नाजूक पैंजण आणि काखेत भलंमोठं पांढरं गाठोडं. बकू बघतेय तोवर गाठोड्यानं दोन नारिंगी डोळे उघडले आणि जांभई दिली.

"ही सावरी," परी म्हणाली. "इराणी घराण्यातली मांजर आहे, बरं का. हिच्या पणजीनंसुद्धा कधी उंदराच्या मागे धावायचे कष्ट घेतले नाहीत. बाळा, ढगांपलीकडे माझ्या भाचीचं लग्न आहे. हिला नेण्याची सोय नाही. मागच्या लग्नात ही नवरीच्या शालूवर झोपली, हिला उठवणं सगळ्यांच्याच जिवावर आलं आणि मुहूर्त टळला. तू सांभाळशील का?"

"सांभाळीन की, परीमावशी."

"मग परत आल्यावर तुझी एक इच्छा पुरी करीन. पण नियम आहेत हं. हिला रोज विंचरायचं. डोळ्यांना पाणी येतं, ते मऊ फडक्यानं टिपायचं. मी येईन तेव्हा कंगवा मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत कुठंही न अडकता गेला, की इच्छा बोलायची. आणि कात्री लावायची नाही. कात्री लागली, तर तुला इच्छा मिळणार नाही."

एवढं बोलून परीनं चांदीचा चिमुकला कंगवा बकूच्या हातात ठेवला आणि ती भुर्रकन उडून गेली.

सावरी म्हणजे गरीब गाय हो. खांद्यावर टाकली तर वाळत घातलेल्या पंच्यासारखी लोंबायची. नखं म्हणून काढायची नाही. झोपडीतला उंदीर भीत भीत चुलीजवळ ऊब घ्यायला आला, तर बाई सरकून त्याला जागा करून देत. आईच्या मांडीवर मात्र तिनं पहिल्याच दिवशी हक्क सांगितला. आई आपली मिटली मूठ तिच्या पाठीवर ठेवायची, सावरी मान वर करून वाट बघायची, पण मूठ काही उघडायची नाही.

केस मात्र विचारू नका. इकडून विंचरावे तर तिकडे गुंता. आता केस म्हटले की तेल आलंच, नाही का? बकूनं बाटलीतलं उरलंसुरलं खोबरेल सावरीच्या अंगावर चोपडलं, छान मालिश केलं, दोन वेण्या घातल्या आणि लाल रिबिनींची फुलं बांधली.

आई हसता हसता म्हणाली, "अगं, शाळेत घालायचीय का तिला?"

सावरी वेण्या हलवत अंगणात फेरफटका मारायला निघाली. पाचोळा चिकटला, कोंबडीची पिसं चिकटली, बांबूचा भुसा चिकटला. संध्याकाळपर्यंत अंगण लख्ख झालं आणि मांजर ओळखू येईना. बकूनं कंगवा घातला, तर तो आत शिरायलाच तयार होईना.

"आई गं, माझी इच्छा गेली," बकू रडवेली झाली.

"रडतेस कशाला? डाळीचं पीठ लाव. तेल खेचून घेईल ते," आई म्हणाली.

पीठ होतं वाटीभर. आईच्या पिठल्यासाठी राखून ठेवलेलं. बकू वाटीकडे बघत राहिली.

"पिठलं काय, पुन्हा कधीतरी," आई म्हणाली. "ते बाळ बघ कसं ओशाळून बसलंय."

दुसऱ्या सकाळी बकूनं पीठ चोळलं. सावरी पिवळीधम्मक झाली. आता नुसती तळायची बाकी होती. मग कोमट पाण्यानं घंगाळात न्हाऊ घातलं. पाणी पडताच एवढी थोरली मांजर कुठं गेली कळेना. उरले नुसते दोन डोळे आणि एक दोरीएवढी शेपटी. शेजारून डोकावणाऱ्या उंदरालासुद्धा तिची दया आली. पण उन्हात बसून ती सुकली मात्र, आणि काय सांगू, शुभ्र, मऊ, झुळझुळीत, नुसता चमचमणारा ढग!

मग बकू रोज विंचरू लागली. सगळे गुंते सुटले. एक तेवढा राहिला, पुढच्या पायाच्या बगलेत. अंघोळीनं तो आणखी घट्ट बसला होता. त्याला धक्का लागला की सावरी कळवळायची आणि लंगडत चालायची.

आणि नेमकी तेव्हाच परी परत आली. केसांत लग्नातल्या अक्षता तशाच होत्या.

"चल बाळा, लवकर. त्या सोनेरी किरणावरून मला वर जायचंय, आणि ऊन उतरायला लागलंय. कंगवा फिरव आणि इच्छा बोल."

बकूनं कंगवा फिरवला. पाठ झाली, पोट झालं, आणि बगलेत कंगवा अडकला.

"एक हिसका दे," परी म्हणाली. "निघेल तो."

बकूनं कंगवा घट्ट धरला. एक हिसका, की आईची बोटं बरी! तिनं सावरीकडे पाहिलं. सावरीनं डोळे मिटून घेतले होते, पण ती पळाली नव्हती. बकूनं कंगव्यावरची पकड सैल केली. तिनं आईकडे पाहिलं.

"नको गं," आई हळूच म्हणाली. "दुखणं काय असतं ते मला विचार. तिला रडवून बरे झालेले हात घेऊन मी काय करू?"

बकूचे डोळे भरून आले. तिनं फळीवरची कात्री काढली आणि अगदी जपून, कातडीला धक्का न लावता, तो गुंता कापून टाकला. सावरीनं पाय लांब केला. मग बकू आईच्या मिटल्या मुठींवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली.

"कात्री लागली," परी हळहळून म्हणाली. "आता तुला इच्छा देता येत नाही, बाळा. आमच्याकडचा रिवाजच आहे. जिचे केस कापले, इच्छा तिच्याकडे जाते."

सगळ्यांनी सावरीकडे पाहिलं. सावरीनं एक पंजा चाटला, दुसरा पंजा चाटला आणि खानदानी आवाजात ती बोलू लागली.

"मला गळ्याखाली खाजवून हवंय. परीच्या हातून नको, तिच्या अंगठ्या टोचतात. बकूच्या हातून नको, ती फार घाई करते. या आईंच्या हातून हवं. दहाही बोटांनी."

परी बघतच राहिली. "अगं, पण त्यांची बोटं..."

"ते तुमचं तुम्ही बघा."

परी खुदकन हसली. तिनं छडी फिरवली. गुलाबी, जांभळ्या ठिणग्या झोपडीभर भिरभिरल्या आणि आईच्या मुठी हळूहळू उघडल्या. करंगळी आधी, अंगठा शेवटी. आईचा विश्वासच बसेना. तिनं सावरीच्या गळ्याखाली बोटं घातली, आणि झोपडीत जात्यासारखी घरघर सुरू झाली.

"झालं का? आता चल," परी म्हणाली. "ऊन निघून चाललं."

"एकदाच खाजवून हवंय असं कोण म्हणालं?" सावरीनं विचारलं. "मला रोज हवंय."

परीनं कपाळावर हात मारला. मग तिनं वाकून बकूची पापी घेतली, सोनेरी किरणावर पाऊल ठेवलं, आणि लखलख उजेडात, साडीवरचे पांढरे केस झटकत झटकत, दिसेनाशी झाली.

आईनं एक हात सावरीच्या गळ्याखालून काढला आणि बकूच्या गालावरून फिरवला. गाल ओला होता. सावरीनं एक डोळा उघडला, त्या हाताकडे जरा नाराजीनं पाहिलं, आणि मोठ्या घराण्यातली ना ती, तेवढं चालवून घेतलं.