लवू तांडेल जिथं थांबला नाही

"म्हणजे एकोणीसपैकी एकही जागा चांगली नाही?"

लवू तांडेल चहात खारी बुडवत होता. खारी भिजली, वाकली आणि कपात पडली. तांडेलानं ती बोटानं काढून खाल्ली.

"जागे बरे आसत," तो म्हणाला. "थांबूचे नाय."

सुधन्वा केळकर मास्तरांनी कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. कागद साधा नव्हता. चार रंगांच्या शाईंत, पट्टीनं रेघा मारून, किनाऱ्यावरच्या एकोणीस जागा त्यावर मांडलेल्या होत्या. प्रत्येक जागेपुढे तीन रकाने : काय पाहावं, किती वेळ लागेल, काय खावं. वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाची यादी होती ती. नकाशात चूक दाखवणाऱ्याला मास्तर वर्गाबाहेर काढत, अशी त्यांची कीर्ती होती.

नोकरी सोडून मास्तरांनी शिडाची बोट घेतली होती. गाद्या घातल्या, पडदे लावले. बुधवारी आठ पाहुणे यायचे होते. पाच दिवस शिडावर, किनाऱ्याकिनाऱ्यानं, वाटेत पाच ठिकाणी थांबत जायचं.

सगळं तयार होतं. फक्त खलाशी नव्हते.

निवेखोल गावात नव्या मालकाच्या बोटीवर कोणी असं उठून चढत नसे. आधी लवू तांडेलाला विचारायचं. तो "जाव दे" म्हणाला तर चार माणसं चटया घेऊन हजर. नाही म्हणाला, तर त्या दिवशी गावातल्या प्रत्येकाची कंबर दुखते. मास्तर आठवडाभर घरोघर फिरले होते आणि दुखऱ्या कमरा मोजून आले होते.

तांडेलाबद्दल गावात बरंच सांगतात. पाण्याचा वास घेऊन तो आपण कुठल्या गावासमोर आहोत हे ओळखतो, असंही सांगतात. हे साफ खोटं आहे. वास तो फक्त वाऱ्याचा घेतो. आणि त्यावरून गाव नव्हे, त्या गावात आज कालवण कसलं आहे तेवढंच ओळखतो.

"मास्तरानू," तांडेलानं विचारलं, "हे जागे तुमी खयसून बघलास?"

"खयसून म्हणजे? प्रत्यक्ष पाहिलेत. एकोणीसच्या एकोणीस. मोटारसायकलवरून."

तांडेलानं कप खाली ठेवला.

"मग पावण्यांक मोटारसायकलीर न्हेवा."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वीस वर्षांत त्यांना वर्गाबाहेर कोणी काढलं नव्हतं.

"फाल्यां सकाळी येवा," तांडेल म्हणाला. "कागद आणा."

…

सकाळी जमिनीवरून मतलई वारा सुटला होता. तांडेलाच्या शिडाच्या लहान होडीत दोघंच. खाडीचं तोंड सुटलं तसं तांडेलानं सुकाणू मास्तरांच्या हातात दिलं आणि स्वतः डोलकाठीला टेकून बसला.

"पयलो जागो?"

"पांढरपुळण," मास्तर म्हणाले. "स्वच्छ वाळू. पाहुणे उतरतील, पोहतील, शहाळी पितील. दोन तास."

पांढरपुळण आली. म्हणजे पांढरं काहीतरी आलं. वाळू त्याच्यामागे होती. पुढे होता तो फेस. लाट उठत होती, माणसापेक्षा उंच होऊन फुटत होती, आणि मागची पुढचीवर चढत होती. मोटारसायकल लावून सुरूच्या सावलीतून पाहिलं होतं तेव्हा मास्तरांना हा फेस फार सुंदर वाटला होता.

"खय उतरतास?" तांडेलानं विचारलं.

मास्तरांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं.

"पोहत जातील…"

"शहाळ्याक?"

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि पहिल्या ओळीवर रेघ मारली. पट्टी नव्हती, त्यामुळे रेघ वाकडी गेली.

दुसरी जागा धोंडगड. मास्तरांच्या यादीतला लाडका किल्ला. दरवाज्यावरचं गणेशशिल्प, चौदा बुरूज, आतली गोड्या पाण्याची विहीर. सव्वा तास.

समुद्राकडून धोंडगडाला दरवाजा नव्हता. काळा कातळ होता, त्यावर शेवाळ, शेवाळावर कालवांच्या धारदार शिंपा. आणि पाणी ओसरत होतं.

"दरवाजा…" मास्तर म्हणाले.

"रस्त्याकडे आसा," तांडेल म्हणाला. "किल्लो बांधलो तेवा तुमच्यासारख्यांनी हयसून येव नये, म्हणानच बांधलो."

दुसरी रेघ.

तिसऱ्या जागेचं देऊळ डोंगराआड गेलं होतं. चौथ्या जागी खाडीच्या तोंडावर वाळूचा बांध होता, भरती नसेल तर होडीचं पोट घासेल असा. पाचव्या जागी मास्तरांनी कोणी सांगायची वाट पाहिली नाही. पेन्सिल चालवली आणि दुसरीकडे पाहिलं.

दुपार झाली तेव्हा यादीत आठ जागा शिल्लक होत्या आणि मास्तरांचा चेहरा उन्हानं कमी, इतर कारणानं जास्त उतरला होता.

तरी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. सकाळपासून असा एक खडक गेला नव्हता ज्याचं नाव तांडेलाला माहीत नव्हतं. ही म्हातारीची दाढ. तो सोयरा. पलीकडचे ते दोघे भाऊ, भरतीला भांडतात. मास्तर ऐकत होते. असे खडक त्यांच्या कुठल्याच नकाशात नव्हते, आणि हे मान्य करायला त्यांना जिवावर येत होतं.

मग कातळाच्या एका सड्याला वळसा घातला आणि पलीकडे एक जागा दिसली.

दोन काळ्या खडकांच्या मध्ये किनाऱ्यात शिरलेली एक लहानशी वळी. आत पाणी गप्प. काठाला माड, माडांत एक लाल छप्पर. छपरातून धूर वर जात होता. काठावर काहीतरी निळं हलत होतं.

तांडेल उठला, डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि त्या जागेकडे पाठ करून बसला.

"काका, ह्या जागेचं नाव काय?"

"माका म्हायत नाय."

मास्तरांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाय."

"या वाटेनं कधी आला नाहीत?"

"बावन वर्सां ह्याच वाटेन जातंय."

"आणि इथं…"

"थांबूक नाय."

मास्तर ताठ बसले. आता वर्ग त्यांच्या हातात आला होता.

"आत जायची वाट वाईट आहे?"

"वाट बरी."

"पाणी उथळ?"

"खोल."

"वारा लागत असेल."

"आडोसो आसा. बायलेच्या माहेरासारखो."

"मग?"

…



आता, या जागेबद्दल निवेखोलात तीन गोष्टी सांगतात. पहिली अशी की तरुणपणी तांडेलाला तिथली एक मुलगी सांगून आली होती, आणि आपण नको म्हटलं की तिनं, हे तो अजून आठवतोय. दुसरी अशी की तिथं एक बाई राहते, तिची सोलकढी प्यायलेला माणूस आपल्या गावाचं नाव विसरतो. असे तीन जण आजवर परत आले आहेत, पण भलत्याच गावांना. तिसरी गोष्ट अशी की तिथं माणसं मुळी नाहीतच, संध्याकाळ झाली की माड स्वतः उतरून चुली पेटवतात. तिन्हींत ही सर्वांत विश्वासाची, कारण ती सांगणारा माणूस दारू पीत नाही.

मास्तरांना यातली एकही ठाऊक नव्हती. त्यांना फक्त धूर दिसत होता. आणि ते निळं.

त्यांनी कागद गुडघ्यावर पसरला. खाली कोऱ्या जागेत मोठ्या अक्षरांत आकडा घातला : वीस. 'काय पाहावं' या रकान्याखाली पेन्सिल टेकली…

पेन्सिल तिथंच राहिली.

"काका, आत जाऊ या का?"

"सुकाणू तुमच्या हातात आसा," तांडेल म्हणाला. डोक्याचा टॉवेल सोडला, तोंडावर घेतला आणि होडीच्या तळाला आडवा झाला.

ही परवानगी होती की आणखी काही, हे ठरवायला मास्तरांना साधारण एक लाट लागली. त्यांनी सुकाणू वळवलं.

होडी वळीकडे निघाली. पाण्याचा आवाज बदलला, बारीक झाला. दोन्ही खडक बाजूंना सरकले. कशाचा तरी वास आला. तळण्याचा असावा, पण मासळीचा नव्हे. कोणीतरी काहीतरी कुटत होतं. का गात होतं? कुटता कुटता गात होतं?

मास्तर पुढे वाकले. इतकी उत्सुकता त्यांना शेवटची कधी वाटली होती हे त्यांना आठवेना. एकोणीस ठिकाणी ते गेले होते, आणि एकोणीसही ठिकाणी गाडी उभी करायच्या आधीच तिथं काय आहे ते त्यांनी वाचलेलं होतं.

निळं हलत होतं. लुगडं असेल. जाळं असेल, नव्यानं रंगवलेलं. मोर… मोर इतका मोठा नसतो. दुसऱ्या होडीचं शीड?

छप्पर जवळ आलं. दुरून जे लाल होतं त्यात आता कौलं वेगळी दिसू लागली. तीनचार फुटलेली होती. माड किती आहेत ते मोजता येऊ लागलं, आणि मास्तरांनी ते मोजलेही. सात. मोजल्याबरोबर त्यांना वाईट वाटलं. आत्तापर्यंत ते नुसते माड होते.

मग काठावर एक माणूस उभा दिसला. बाई का बाप्या, पाण्यावरचं ऊन डोळ्यांत येत होतं, कळेना. त्या माणसानं हात वर केला.

निळ्याचा एक कोपरा वाऱ्यानं उलटला. कोपऱ्याला गोल भोक असल्यासारखं वाटलं. दोरी ओवायचं असतं तसं.

ताडपत्री?

आणखी दहा हात गेलं की कळणार होतं. ताडपत्री आहे की नाही, तो माणूस कोण, कुटतंय काय, तळतंय काय. तिन्ही रकाने भरले असते. आणि बुधवारी आठ पाहुण्यांना ते वाचून दाखवता आलं असतं.



आणि त्यांच्या हातानं, मास्तरांना न विचारता, सुकाणू उलटं दाबलं.

शीड फडफडलं, थोडा वेळ रुसून लोंबलं, मग दुसऱ्या अंगानं भरलं. होडी फिरली. खडक पुन्हा जवळ आले, मागे गेले. कुटण्याचा आवाज बारीक झाला. मास्तरांनी मागे वळून पाहिलं. निळं पुन्हा नुसतं निळं झालं होतं.

स्वतःचा त्यांना फार राग आला.

उघड्या पाण्यात आल्यावर टॉवेलाखालून आवाज आला.

"काय आसा थय?"

"कळलं नाही," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "कळलं असतं. दहा हात राहिले होते."

…

"हात केल्यान?"

मास्तर दचकले. टॉवेल तोंडावर होता. जाड, चौकटीचा टॉवेल. त्यातून सूर्यसुद्धा दिसला नसता.

"हो… वर केला. बोलावत असेल. नाहीतर उन्हासाठी डोळ्यांवर धरला असेल. नाहीतर येऊ नका म्हणत असेल. मला नीट…"

"माकाय अजून समाजला नाय," तांडेल म्हणाला.

"बावन्न वर्षांत?"

तांडेल उठून बसला. टॉवेल झटकला, डोक्याला गुंडाळला. डोळे चोळत त्यानं मास्तरांच्या गुडघ्यावरच्या कागदाकडे पाहिलं. वीस हा आकडा तिथं होता आणि त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

"पावणे किती म्हणालास?"

"आठ."

"चार खलाशी धाडतंय. मंगळवारी येतले. त्यांका जेवक भरपूर घाला, नायतर कमरा दुखतत."

मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण हातात कागद होता, त्यावर अकरा वाकड्या रेघा होत्या, आणि ते शेवटी मास्तर होते.

"पण काका, थांबायचं कुठं? पाच दिवस, पाच जागा… या उरलेल्या आठांतल्या कुठल्या पाच?"

"आडोसो बघा. पाणी बघा. भरती बघा. खयंय थांबा," तांडेल म्हणाला.

"आणि इथं? इथं तर थांबायचंच नाही ना?"

"नाय."

"मग ही यादीतून काढू?"

मास्तरांनी पेन्सिल उचलली. तांडेलानं ती त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेतली आणि आपल्या कानावर खोवली.

"हयसून जाताना," तो म्हणाला, "पावणे निजले आसले तर उठवा."