यमूआत्यांचा चमचा

तीन व्हिडिओ बघून मी कोरियन जेवणातला तज्ज्ञ झालो होतो. त्या भरात बायकोला आणि तिच्या यमूआत्यांना बाणेरच्या एका महागड्या कोरियन रेस्टॉरंटात घेऊन गेलो. तिथे एकामागून एक नऊ पदार्थ येतात. पहिला येताच मी बजावलं, "कोरियात सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसानं चमचा उचलल्याशिवाय कोणी खात नाही."

आत्यांनी मान डोलावली.

मग मी प्रत्येक पदार्थावर प्रवचन झोडू लागलो. तिसरं आलेलं सूप माझ्या बोलण्यातच गार झालं. चौथ्या वाटीला मी मुरवलेल्या मुळ्याचा अख्खा इतिहास सांगितला, तरी आत्या आपल्या हाताची घडी घालून बसलेल्या.

"आत्या, घ्या ना! पोटात कावळे ओरडताहेत."

"घेते की. तुमचं बोलणं संपलं की उचलते चमचा. तोवर तुम्हालाही खाता येणार नाही. नियम तुमचाच आहे, जावईबापू."

बायकोला हसून हसून ठसका लागला. मी गप्प बसलो आणि पुढचे चार पदार्थ गरमागरम जेवलो.

नववा पदार्थ घेऊन वेटर आला. माहिती सांगायला त्यानं तोंड उघडलं, तशी आत्यांनी चमचा खाली ठेवला.

मी घाईघाईनं त्याला हात जोडले. "दादा, पाया पडतो, काही सांगू नका!"