पावणेदोन वेढे

माणसानं सूक्ष्मदर्शक करायच्या कितीतरी आधी, एका कांद्याच्या पेशीत डीएनएचा धागा राहायचा. कांद्यानं कसं जगायचं, ते सगळं त्याच्यावर लिहिलेलं. धागा दीड हात लांब आणि घर तिळाहूनही लहान! म्हणून जुनी प्रथिनं रिळासारखी उभी राहून त्याचे प्रत्येकी पावणेदोनच वेढे अंगावर घेत, आणि कुणी वाचायला आलं की सोडून देत.

एकदा पाण्याबरोबर सोन्याचा एक कण आत आला. त्याच्या अंगी धन विद्युतभार, धाग्याच्या अंगी ऋण. लगेच ओढ लागली. कण मनानं भला होता. "तू तुटलास तर रे?" असं म्हणत त्यानं धाग्याला करकचून गुंडाळून घेतलं.

"अरे, जरा सैल धर," त्या जुन्या प्रथिनांपैकी शेजारचे रीळकाका म्हणाले.

"सैल धरणाऱ्याची माया कसली, काका?"

पुढं उन्हाळ्यात मुळाशी पाणी संपलं. वाचणारं प्रथिन धावत आलं. "तहान कशी सोसायची ते दाखवा, लवकर!" काकांनी आपले वेढे सोडले, पण तहानेचा मजकूर नेमका कणाभोवती होता. कणानं जिवाचा आटापिटा केला. पण सोडायचं कसं, हे तो कधी शिकलाच नव्हता.

कांदा सुकत चालला. धाग्यावर मात्र साधा ओरखडाही नव्हता.

"बघा ना काका, किती जपलं मी," कण पुटपुटला.

काकांनी त्याला बोल लावला नाही. जवळ सरकून ते एवढंच म्हणाले, "जपलंस रे बाळा. फार जपलंस."