धनेशरावांच्या अर्जाची हकिकत

विषय : पंख फुटलेल्या पिल्लाची नोंद पालकास दाखवण्याबाबत.
संदर्भ : धनेशरावांचा अर्ज. सोबत, आपणच बाप असल्याचा पुरावा म्हणून उंबराची फळे.

त्या राज्यात उडण्याचे शिक्षण कड्यावरच्या विद्यालयात मिळे. पंख पुरे फुटले की पिल्लाच्या उडण्याची नोंद पिल्लाच्या मालकीची होई. ती दुसऱ्या कोणाला पाहायची असेल, तर पिल्लाच्या पंजाचा ठसा लागे. हा नियम सर्वांना पाठ होता आणि तरीही मागेल त्याला नोंद दाखवली जाई.

दप्तरदार होते खवलेमांजर. ‘बापपणाबद्दल वाद नाही’ असा शेरा मारून त्यांनी फळे परत केली आणि ठसा मागितला. धनेशराव चकित झाले. त्यांच्या कुळात पिल्ले आत ठेवून ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून चोचीपुरती फट ठेवायची रीत होती. फटीतून आतले सगळे दिसे. त्यामुळे लेकीला काही विचारायची त्यांना सवयच नव्हती.

नोंदीत काय आहे ते दप्तरदारांना ठाऊक होते. धनेशरावांची लेक मंजुळा दरी ओलांडताना दोनदा पडली होती. तिसरी आणि शेवटची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. बाबांना कळले तर ते घरी नेऊन ढोली पुन्हा लिंपतील, असे तिनेच येऊन सांगितले होते. “उद्याची सकाळ तेवढी जाऊ द्या, काका,” ती म्हणाली होती.

धनेशरावांनी प्राचार्य बगळ्यांना गाठले. प्राचार्य एका पायावर उभे राहून विचार करत. दुसरा पाय टेकेपर्यंत मत बदललेले असे.

“दाखवून टाका हो,” ते म्हणाले. “बापच आहे, चोर नव्हे.”

“ठसा आणा,” म्हणत दप्तरदारांनी नोंदवही पोटाशी घेतली आणि अंगाचा गोळा केला. आजवर हे कसब त्यांनी दुपारच्या झोपेसाठीच वापरले होते. धनेशरावांनी खवल्यांवर चोच मारून पाहिली. चोच दुखली.

ठकठक ऐकून मंजुळा आली. “बाबा, मला विचारा ना.”

धनेशराव गोंधळले. मग म्हणाले, “कशी उडतेस गं?”

“दोनदा पडलेय. उद्या पुन्हा उडणार आहे. बघायला या, पण लांब उभे राहा.”

सकाळी मंजुळा कड्यावरून सुटली. दरीच्या मध्यावर ती खाली गेली, दगडासारखी. धनेशरावांनी झेपेसाठी पंख उघडले आणि, कसे कोण जाणे, मिटून घेतले. मग खालून तिच्या पंखांचा घुमारा उठला, चढत गेला आणि सारी दरी दणाणून टाकत पलीकडच्या कड्यावर उतरला. प्राचार्यांचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

मंजुळा आता पलीकडच्या रानात असते. धनेशराव रोज कड्यावर येतात. ती आली की फांदीवर सरकून तिला जागा करून देतात. काय काय झाले ते विचारतात, आणि ती सांगेल तेवढे ऐकतात.

अर्ज ठशाअभावी अद्याप प्रलंबित आहे.